अंगठे मोजून यादी लागत नाही: वसाहतीची ऑनलाइन सूचनापेटी कशी चालवावी

मुलुंडला आमच्या वसाहतीत ११ इमारती आहेत. दोन वर्षांपूर्वी सगळ्या सोसायट्यांनी मिळून ऑनलाइन सूचनापेटी सुरू केली आणि 'तुला कॉम्प्युटरचं कळतं' एवढ्या एका पात्रतेवर ती माझ्या गळ्यात पडली. पहिल्या तीन आठवड्यांत १८० सूचना आल्या. कार्यकारिणी खूश, मीही खूश. मग यादी नीट उघडून पाहिली. पहिल्या क्रमांकावर बॅडमिंटन कोर्टाला मोठे दिवे. ४१व्या क्रमांकावर, 'सहा नंबरच्या मागच्या जिन्यात दोन महिने दिवा नाही.'

दोन्ही दिव्यांच्याच सूचना. पण कोर्टाची सूचना पहिल्याच संध्याकाळी आली होती आणि जिन्याची अकराव्या दिवशी. फोनच्या पडद्यावर एका वेळी चार सूचना दिसतात. संध्याकाळी सातच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेला माणूस त्या चार पाहतो, दोनांवर अंगठा देतो आणि मुलुंड आलं की फोन खिशात घालतो. ४१ नंबरपर्यंत कोण जाणार? त्याच महिन्यात त्या जिन्यात एक आजी घसरल्या. मनगटावर निभावलं.

तुमच्याही गळ्यात अशी पेटी पडली असेल किंवा पडणार असेल, तर आम्ही कुठे चुकलो आणि काय बदललं ते क्रमाने सांगतो. सोसायटीऐवजी मंडळ असो, वाचनालय असो, गिर्यारोहकांचा गट असो, फार फरक पडत नाही.

पहिली पायरी: तक्रारी बाजूला काढा

नवख्याची पहिली चूक ही की तक्रार आणि सूचना एकाच टोपलीत टाकायची. जिन्यात दिवा नाही, पंप गळतोय, कचऱ्याची गाडी चार दिवस आली नाही, या तक्रारी. त्यांना मतदान कशाला हवं? दिवा लावायला शंभर जणांची संमती लागते का? तक्रारीला लागतो तो जबाबदार माणूस आणि मुदत. म्हणून पेटीच्या दारातच दोन बटणं ठेवा: 'काहीतरी बिघडलंय' आणि 'काहीतरी नवं किंवा वेगळं करावं'. पहिलं बटण दाबलं की मजकूर थेट व्यवस्थापकाच्या फोनवर गेला पाहिजे, यादीत नाही. रस्ता, गटार, बाहेरचा कचरा असं महापालिकेचं काम असेल तर तिथेच १९१६ हा हेल्पलाइनचा नंबर दाखवा.

एवढ्यानेच आमच्या १८० मधल्या ७० कमी झाल्या. यादी हलकी झाली आणि वाचणाऱ्याचा जीवही.

उरलेल्यांचेही तीन ढीग करा. कार्यकारिणी स्वतः ठरवू शकते ते पहिल्यात, सर्वसाधारण सभेत ठराव लागेल ते दुसऱ्यात, आणि आपल्या हातात नसून कुणाकडे तरी पाठपुरावा करावा लागेल ते तिसऱ्यात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे दुसऱ्या ढिगातल्या सूचनेसमोर 'सप्टेंबरच्या सभेत' असं पहिल्या दिवसापासून लिहा. नाहीतर नोव्हेंबरात सूचना देणारा माणूस जानेवारीत विचारतो, माझ्या सूचनेचं काय झालं, आणि आपण उगाच चोरासारखे उभे राहतो.

दुसरी पायरी: खिशात किती आहेत ते आधी सांगा

ही पायरी आम्ही गाळली होती. लोकांना वाटलं, मागायला काय जातंय. कुणी सौर ऊर्जा मागितली, कुणी जलतरण तलाव, एका काकांनी गच्चीवर वेधशाळा. (वेधशाळेला २३ मतं पडली. मुंबईच्या आकाशात तारे किती दिसतात हा प्रश्न कुणी विचारला नाही.)

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकांकडून अर्थसंकल्प ठरवून घ्यायला सुरुवात केली आणि आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत आणली. आकाराने कुठे ते आणि कुठे आपण. पण दोन्हीकडे लोकांना एक गोष्ट माहीत असते: हा प्रश्न खऱ्या पैशांचा आहे. सूचना म्हणजे नवस नव्हे.

तेव्हा पेटीच्या माथ्यावर ठळक लिहा: यंदा सुधारणांसाठी एवढे लाख आहेत. आम्ही चार लाख लिहिलं. पुढच्या महिन्यात सूचना निम्म्यावर आल्या, पण जवळपास प्रत्येकीत कुणीतरी हिशेब केलेला दिसत होता. एका बाईंनी तर कुर्ल्याच्या दुकानातून बाकांचे दर आणून जोडले.

तिसरी पायरी: अर्जात आधी अडचण विचारा, मग उपाय

'तुमची सूचना लिहा' एवढाच रकाना ठेवलात तर माणूस थेट उपाय लिहितो. 'गेटवर दुसरा वॉचमन ठेवा.' का ठेवा? विचारल्यावर कळतं की दुपारी कुरिअरवाला येतो तेव्हा वॉचमन जेवायला गेलेला असतो आणि पार्सल परत जातं. मग तिथे वॉचमनचा पगार नको, पार्सल ठेवायला एक कुलपाचं कपाट पुरतं. अडचण माहीत असली की उपाय चार निघतात. नुसता उपाय दिला की लोक त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहतात, आणि मूळ अडचण कुणाला आठवतच नाही.

आमच्या अर्जात आता तीन रकाने आहेत. काय अडतं? कुणाला आणि किती वेळा? तुम्हाला काय सुचतं? तिसरा रिकामा सोडला तरी चालतो, पहिले दोन नाही. एका अर्जात एकच सूचना. 'लिफ्ट, पार्किंग आणि गणपतीच्या वर्गणीबाबत' असा अर्ज आला की मी फोन करून त्याचे तीन करतो. मथळ्याचीही सवय लावावी लागते. 'पाण्याबद्दल' या मथळ्यावर कुणी काय मत द्यायचं? 'सकाळी साडेसहा ते सात वरच्या दोन मजल्यांना पाण्याचा दाब नाही' यावर देता येतं.

नाव दाखवावं की नाही, यावर आमच्याकडे दोन सभा खर्ची पडल्या. नावं दिसली की सचिवांच्या शेजारी राहणारा माणूस सचिवांना न आवडणारं लिहीत नाही. नावं अजिबात नसली की कोणीही काहीही लिहितो. आम्ही मधला मार्ग काढला: नाव फक्त पेटी सांभाळणाऱ्या दोघांना दिसतं, बाकीच्यांना इमारतीचा नंबर. माहितीही तेवढीच मागा. सदनिका आणि मोबाइल पुरे. आधार, जन्मतारीख मागायचं काही कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी ही माहिती आपल्या लॅपटॉपवर हवी कशाला?

आणि वॉचमनच्या केबिनमध्ये कागदी अर्जांचा गठ्ठा ठेवा. हे टाळू नका. ज्यांच्याकडे फोन आहे पण मराठी टंकन जमत नाही अशा आज्या, भाडेकरू म्हणून राहणारी मुलं (त्यांना वाटतं आपल्याला कोण विचारतंय), दिवसभर चार घरं करून वसाहत सगळ्यात जास्त पायांखाली घालणाऱ्या घरकामाच्या मावशी, यांच्या सूचना याच गठ्ठ्यातून येतात. आमच्याकडे कामाच्या बायकांसाठी तळमजल्यावर स्वच्छतागृह खुलं ठेवावं ही सूचना कागदावरच आली. टंकून यादीत मी टाकली.

चौथी पायरी: एकच सूचना दहा रूपांत येते, ती ओळखा

एकाने लिहिलं 'पार्किंगमध्ये पाणी तुंबतं', दुसऱ्याने रोमन लिपीत तेच, तिसऱ्याने 'वॉटर लॉगिंग', चौथ्याने 'दुसऱ्या गेटपाशी तळं होतं'. मतं चार ठिकाणी विभागली आणि चारही सूचना तळाला गेल्या. एकत्र असत्या तर पहिल्या पाचात बसल्या असत्या.

इथे मराठीची एक खास गोम आहे. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकाने 'दुसऱ्या' शोधलं की दुसऱ्याचं 'दुसऱ्या' सापडत नाही! अंकांचंही तसंच, देवनागरी २ आणि इंग्रजी अंक वेगळे. तुमची पेटी कुणी प्रोग्रामर बनवत असेल तर त्याला सांगा, शोधण्याआधी ही सगळी रूपं एकाच रूपात आणायची. प्रोग्रामर नसेल तर सरळ दर रविवारी दोघांनी तासभर बसून डोळ्यांनी यादी वाचायची. आम्ही अजूनही तेच करतो. चहा लागतो.

एकत्र करताना मतांची बेरीज करू नका. ज्याने चारही ठिकाणी अंगठा दिला त्याचं मत एकच धरायचं. मूळ सूचना देणाऱ्यांना कळवा की तुमची अमुक सूचनेत मिळवली आहे, आणि त्यांचे शब्द खाली जसेच्या तसे ठेवा. आपली सूचना नाहीशी झाली असं वाटलेला माणूस पुन्हा लिहीत नाही. उलट बाजूने, मिळवण्याचा सोसही बरा नव्हे. 'लिफ्ट सारखी बंद पडते' आणि 'लिफ्टबाहेर बसायला बाक हवा' या दोन्हींत लिफ्ट आहे, म्हणून त्या एक होत नाहीत.

पाचवी पायरी: मत घेताना आकडा झाका

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि खर्च शून्य.

२००६ मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली आणि आवडेल ते डाउनलोड करून घ्यायला सांगितलं. काहींना कुठलाच आकडा दाखवला नाही. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं ते दाखवलं. गाणी तीच, तरी आठ गटांत डोक्यावर घेतलेली गाणी वेगवेगळी निघाली. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि आपल्या पेटीतल्या बहुतेक सूचना मधल्याच असतात.

२०१३ मध्ये आणखी एका प्रयोगात बातम्यांच्या एका संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना आल्या आल्या एक खोटं 'आवडलं' चिकटवलं. पुढच्या वाचणाऱ्याने 'आवडलं' म्हणण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी. एका मताने! आमच्या कोर्टाच्या सूचनेला पहिल्या तासात बॅडमिंटन ग्रुपची १४ मतं होती. मग तिला खाली कोण आणणार?

तेव्हा दोन गोष्टी करा. मत देईपर्यंत आकडा दिसू देऊ नका, आणि प्रत्येकाला सूचना वेगळ्या क्रमाने दाखवा. वेगळी वेबसाइट नसली तरी अडत नाही. गूगल फॉर्ममध्ये जाळीचा प्रश्न घ्या: ओळींत सूचना, रकान्यांत 'हवं', 'नको', 'माहीत नाही'. ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलण्याची सोय त्यात आहे, आणि निकाल तुम्ही मुद्दाम दाखवल्याशिवाय दिसत नाही. एका वेळी २० सूचना पुरेत, त्याहून जास्त असल्या की माणूस शेवटच्या दहांना डोळे मिटून 'हवं' करतो.

'माहीत नाही' हा रकाना ठेवाच. सहा नंबरच्या लिफ्टबाहेर बाक हवा की नको, हे अकरा नंबरवाल्याला काय कळणार? ती मतं हिशेबात धरायची नाहीत.

मतदानाची वेळही पाहा. मे महिन्यात आणि गणपतीत निम्मी वसाहत कोकणात असते. आम्ही पहिलं मतदान नेमकं गौरी-गणपतीच्या आठवड्यात लावलं होतं. त्याबद्दल अजून ऐकून घ्यावं लागतं.

सहावी पायरी: क्रम लावण्याचा हिशेब

समजा तीन सूचना आहेत. पहिलीला २०० जणांनी 'हवं' म्हटलं, १२० जणांनी 'नको'. दुसरीला ७० 'हवं', ५ 'नको'. तिसरीला ४ 'हवं', 'नको' एकही नाही.

नुसती वजाबाकी केली तर पहिली +८०, दुसरी +६५, तिसरी +४. म्हणजे जिच्यावर वसाहतीत भांडण आहे तीच सगळ्यांत वर. का? केवळ जास्त लोकांनी पाहिली म्हणून. टक्केवारी काढली तर तिसरी १०० टक्के, दुसरी ९३, पहिली साडेबासष्ट. आता जिला चारच जणांनी पाहिलं ती वर, आणि ते चौघे एकाच घरातले असू शकतात.

खरं म्हणजे आपल्याला विचारायचं आहे ते असं: एवढ्या मतांवरून, कमीत कमी किती टक्के लोकांना हे हवं आहे असं खात्रीने म्हणता येईल? एडविन विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने १९२७ मध्ये याचं सूत्र दिलं. रेडिट या संकेतस्थळाने २००९ मध्ये प्रतिक्रियांच्या क्रमासाठी तेच घेतलं. ९५ टक्के खात्री धरली तर विल्सनच्या हिशेबाने दुसरी सूचना ८५, पहिली ५७ आणि तिसरी ५१ टक्के येते. हा क्रम आपल्या मनालाही पटतो.

सूत्र जरा किचकट आहे, आणि जे सभेत उभं राहून समजावता येत नाही ते वापरू नये या मताचा मी आहे. म्हणून आम्ही सोपी युक्ती करतो. प्रत्येक सूचनेला पहिल्याच दिवशी १० खोटी 'हवं' आणि १० खोटी 'नको' मतं देऊन टाकायची. मग खरी 'हवं' अधिक १०, भागिले एकूण खरी मतं अधिक २०. दुसरी होते ८० भागिले ९५, म्हणजे ८४ टक्के. पहिली २१० भागिले ३४०, ६२ टक्के. तिसरी १४ भागिले २४, ५८ टक्के. क्रम तोच, आणि शीटमध्ये एका ओळीचं काम. आमच्या सभेत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं, खोटी मतं का? मी म्हटलं, काका, नव्या खातेदाराला तुम्ही पहिल्या दिवशी मोठं कर्ज द्यायचात का? तसंच आहे हे, आधी सगळे मधोमध उभे. त्यांना पटलं. दहाच का, याला शास्त्र नाही. वसाहत लहान असेल तर पाच घ्या.

यातूनही तिसऱ्या सूचनेवर अन्याय उरतोच, कारण ती कुणी पाहिलीच नाही. त्यावर उपाय हिशेबात नाही, मांडणीत आहे. ३० जणांचं मत पडेपर्यंत सूचना क्रमात घ्यायचीच नाही, 'नव्या' या वेगळ्या खणात ठेवायची आणि दर मतदानात पुन्हा पुढे करायची.

या यादीतल्या वरच्या १५ सूचनांची दुसरी फेरी. तिथे प्रत्येकाला पाचच मतं. गूगल फॉर्ममध्ये जास्तीत जास्त पाच खुणा करता येतील असं बंधन घालता येतं. पहिल्या फेरीत माणूस सगळ्यालाच 'हवं' म्हणतो. पाचच कवड्या हातात दिल्या की तो बायकोला विचारतो.

पावसाळ्याचं काय करायचं

बातम्यांच्या संकेतस्थळांवर जुन्याला खाली ढकलायची पद्धत असते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाचं प्रसिद्ध झालेलं सूत्र असं: मतांतून एक वजा करायचं आणि त्याला भागायचं तासांत दोन मिळवून केलेल्या १.८ व्या घाताने. दिवसभरात भलीभली बातमी बुडते, आणि बातमीला ते शोभतं. आमच्या पेटी बनवून देणाऱ्या मुलाने कौतुकाने तेच बसवलं होतं.

मुंबईत त्याचा काय परिणाम झाला पाहा. जूनमध्ये गच्ची गळू लागली की वॉटरप्रूफिंगच्या सूचनेवर मतांचा पाऊस. पण भर पावसात ते काम होत नाही, ते ऊन असताना, मेच्या आत व्हावं लागतं. दर मागवायचे, ठराव करायचा, म्हणजे निर्णय जानेवारीत हवा. जानेवारीपर्यंत सूचना सूत्राने तळाला नेलेली, आणि वर काय? नाताळच्या रोषणाईच्या वेळा. एप्रिलमधल्या पाणीकपातीच्या सूचनांचं दिवाळीत हेच होतं.

म्हणून आमच्या यादीत वय झालं म्हणून सूचना खाली जात नाही. त्याऐवजी प्रत्येक सूचनेला 'काम कधी करता येईल' आणि 'निर्णय कधी हवा' असे दोन महिने लिहिलेले असतात. जूनची मतं जपून ठेवायची आणि डिसेंबरात ती सूचना स्वतःहून वर आणायची. दोन याद्या ठेवल्या की गोंधळ होत नाही: एक 'या महिन्यात आलेल्या', दुसरी 'निर्णयाला आलेल्या'.

सातवी पायरी: मतांच्या बाहेर काय ठेवायचं ते आधीच जाहीर करा

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये एका संशोधन जहाजाचं नाव लोकांकडून मागवलं. 'बोटी मॅकबोटफेस' या थट्टेच्या नावाला १,२४,१०९ मतं पडली आणि ते पहिलं आलं. जहाजाला शेवटी सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं, आणि लोकांची समजूत म्हणून त्यावरच्या पाण्याखाली जाणाऱ्या छोट्या यानाला बोटी. लोकांनी थट्टा केली यात त्यांचं काय चुकलं? मत म्हणजे सल्ला की निर्णय, हे आधी ठळकपणे सांगायला हवं होतं.

आमच्या पेटीवर ते लिहिलेलं आहे. क्रम हा सल्ला, निर्णय कार्यकारिणीचा किंवा सभेचा. दोन प्रकारच्या सूचना मतदानाला जातच नाहीत. एक, जीवाला धोका असलेल्या: आग, वीज, पडझड, जिना. दुसऱ्या, थोड्याच लोकांच्या पण त्यांच्यासाठी अटळ. व्हीलचेअरसाठी उतार हवा ही सूचना आमच्याकडे तीन घरांची होती. ३०० घरांत तीन, मतदानात ती कधीच वर आली नसती. तिच्यावर मत मागणंच मुळात असभ्यपणा.

व्हॉट्सॲपवरून मतं गोळा करण्याबद्दलही बोलायला हवं. 'सगळ्यांनी सात नंबरला हवं करा' असा निरोप फिरणारच. त्याला गैरप्रकार म्हणून भांडू नका, वसाहतीचं राजकारण असंच चालतं. फक्त इमारतवार आकडा काढा. एखाद्या सूचनेची दहापैकी नऊ मतं एकाच इमारतीतून आली असतील तर तसं शेजारी लिहा, बाकीचं लोक समजून घेतात.

आठवी पायरी: उत्तर

'विचाराधीन' हा शब्द पेटीतून हद्दपार करा. त्याचा अर्थ मुंबईत प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्याकडे पाचच शेरे आहेत: 'वाचलं', 'दर मागवले', 'मंजूर, अमुक महिन्यात', 'नाही, कारण…' आणि 'झालं'. १५ दिवसांत पहिला शेरा, मग सूचना कितीही वेडगळ असो.

'नाही' लिहायला सगळे घाबरतात. आम्हीही सहा महिने घाबरलो. मग वेधशाळेच्या काकांना लिहिलं, गच्चीवर नवं बांधकाम करायला परवानगी लागेल, आणि दिव्यांच्या उजेडात दुर्बिणीचा उपयोग फार होणार नाही. काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट दुर्बीण घेऊन कर्जतला जायची सहल सुचवली. ती लगेच मंजूर झाली.

मुंबईकरांना 'हरकती व सूचना' हे शब्द नवे नाहीत. १९६६च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्याचा मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवण्याची आणि त्यावर सुनावणी देण्याची तरतूद आहे. मुंबईच्या २०१५च्या मसुद्यावर तर एवढ्या हरकती आल्या की तो मागे घेऊन नव्याने करावा लागला. नवा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. त्या जुन्या पद्धतीतली एक गोष्ट मला अंगठ्यांपेक्षा मोलाची वाटते: हरकत एकाची असो की हजारांची, सुनावणीची दाद तिला मागता येते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तळमजल्यावर टेबल टाकून बसतो. ज्याला आपली सूचना तोंडी मांडायची आहे त्याने यावं, दहा मिनिटं बोलावं. पाच-सहा जण येतात. यादीवर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे कळतात.

तीन महिन्यांनी काय तपासायचं

एकूण सूचना किती, हा आकडा सभेत मिरवायला ठीक. तुम्ही पाहा: किती वेगवेगळ्या घरांतून आल्या, एकूण मतांपैकी किती मतं सगळ्यांत उत्साही दहा घरांची, आणि पहिल्या शेऱ्याविना किती पडून आहेत. आमच्याकडे सुरुवातीला जवळजवळ अर्धी मतं त्या दहा घरांची होती. आता पाचवा हिस्सा आहे. निकालाची छापील प्रत प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावायला लागल्यापासून हे झालं, असा माझा अंदाज. फलकावर वाचून लोक खाली वॉचमनकडे अर्ज मागतात.

सहा नंबरच्या जिन्यातला दिवा तक्रारीचं बटण आलं त्याच आठवड्यात लागला. बॅडमिंटन कोर्टाची सूचना अजून यादीत आहे, सध्या नवव्या क्रमांकावर. दिवे घालून कोर्ट रात्री दहापर्यंत चालू राहिलं तर खालच्या मजल्यांना झोप लागेल का, असं दोन नंबरवाल्यांनी विचारलं आहे आणि त्यांचा मुद्दा मला चुकीचा वाटत नाही. माझा मुलगा मात्र त्या ग्रुपमध्ये खेळतो. दर रविवारी यादी काढायला बसलो की तो मागे येऊन उभा राहतो.